गोणीवरची दोन अक्षरं

मित्रांनो, मी एक जुना वाचक आहे. मला डोळे नाहीत, चष्मा नाही, आणि गोष्टीचं पुस्तक मी आयुष्यात उघडलेलं नाही. मी एक छोटासा प्रोग्रॅम आहे. पेडणे तालुक्यात तेरेखोल नदीच्या खाडीला लागून एक मातीचा बांध आहे. त्या बांधातल्या मानशीवर एक पत्र्याची पेटी बसवली आहे. पेटीत एक चिमुकला संगणक आहे आणि त्या संगणकात मी राहतो.

माझं काम एकच. संगणक सुरू झाला की सेटिंगची फाईल वाचायची आणि तिच्यात काय लिहिलंय ते बाकीच्या प्रोग्रॅमना सांगायचं. मी सांगितलं की ते खरं धरून चालतात. कोणी मला उलट विचारत नाही. तुम्हाला वाटेल, किती छान! अहो, कसलं छान? आपण चुकलो तर अडवायला कोणी नाही, या विचाराने मी प्रत्येक ओळ घाबरत घाबरत वाचतो.

मानस म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवं. बांधाच्या आत भातशेती, बाहेर खारं पाणी. बांधाच्या पोटात लाकडी दारं असतात. ओहोटी लागली की शेतातलं जास्तीचं पाणी त्यांतून बाहेर जातं. भरती आली की तीच दारं पाण्याच्या रेट्याने मिटतात आणि खारं पाणी बाहेर राहतं. हे सगळं आपोआप होतं. पण बांधाला एक शत्रू आहे, तो म्हणजे कुर्ली. खेकड्याच्या या जातीला मातीत बिळं करायची भारी हौस. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आलं की बिळात पाणी शिरतं, बीळ रुंदावतं, आणि वेळेवर चिखल ठासला नाही तर अख्खा बांध फुटतो. एकदा खारं पाणी आत गेलं की भात करपतं. म्हणून वाड्यावरच्या सात घरांनी पाळ्या लावून घेतल्या आहेत. उधाणाच्या दिवसांत ज्याची पाळी असेल त्याने बांधावर यायचं, बिळं शोधायची, ठासायची.

पूर्वी पाणी चढलं की विठूकाका डबा बडवत घरोघर जायचे. विठूकाका म्हणजे आमच्या मानशीचे राखणदार. वय सत्तरीपुढचं, गुडघे कुरकुरणारे. त्यांचे हाल बघून रुद्रेशने ही पेटी बनवली. रुद्रेश साखळीचा, मानशीजवळ त्याचं आजोळ. साखळीत एका दुकानाच्या माडीवर बसून त्याने मला लिहिलं. तेच माझं जन्मस्थान. खालून पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला की तो उठायचा, दोन गरम पोया, म्हणजे कोंड्याचे पाव, आणायचा आणि एका हाताने खात दुसऱ्या हाताने माझ्यातल्या चुका काढायचा.

पेटीची योजना सोपी होती. पाणी ठरलेल्या खुणेवर चढलं की पेटीवरचा लाल दिवा पेटणार, आणि ज्याची पाळी असेल त्याच्या घरी आपोआप फोन जाणार. कुठल्या दिवशी कोणाची पाळी, ते फाईलमध्ये लिहायचं. फोन लावणारा प्रोग्रॅम वेगळा. तो माझ्या शेजारी राहतो. सांगितलं तेवढंच करणारा, निवांत गडी. काळजीचा सगळा वाटा माझ्याकडे आला.

आता माझ्या स्वभावातली खोड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. फाईलमधला शब्द अवतरणचिन्हांत असला की मी त्याला हात लावत नाही. जसा लिहिलाय तसा पुढे देतो. पण शब्द नुसता, उघडा आला, तर मी त्याच्याकडे बघून ठरवतो: हा आकडा आहे का? हा होकार आहे का, नकार आहे का? की हे साधं नाव आहे? ‘ऑन’, ‘यस’, ‘चालू’, ‘हो’ दिसलं की मी म्हणतो, होकार. ‘ऑफ’, ‘नो’, ‘बंद’, ‘नाही’ दिसलं की मी म्हणतो, नकार. मूळ शब्द तिथेच टाकून देतो आणि पुढे नुसता होकार किंवा नकार पोहोचवतो. मागे काय लिहिलं होतं ते मग कोणालाच कळत नाही.

ही खोड मला विठूकाकांसाठी लावली होती. पेटी बसवली त्या दिवशी ते रुद्रेशला म्हणाले होते, “माका शिकल्यासारखा लिवूक येना नाय हां. मी नुसता ‘चालू’ लिवलंय तर ह्या पेटीक कळात मां?”

“कळतला, काका. तुमी कसाय लिवा, ता समजान घेतला.”

समजून घेईल! मित्रांनो, त्या शब्दांनी मी किती फुलून गेलो होतो. आपण समजूतदार आहोत, असं मला खरंच वाटायला लागलं.

पहिली काही वर्षं सुखाची गेली. पाणी चढायचं, दिवा पेटायचा, ज्याचा त्याचा फोन वाजायचा. विठूकाका येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून पेटी दाखवायचे. खंडेनवमीला वाड्यावर कोयते, नांगर, गिरणीचा पट्टा यांची पूजा व्हायची, तेव्हा आमच्या पेटीलाही झेंडूची माळ आणि हळदकुंकू मिळायचं. कुंकू बिजागरीत जाऊन अडकायचं आणि मला वर्षभर काळजी, की यामुळे गंज तर चढणार नाही ना? मला कशाचीही काळजी वाटते. विजेची, मुंग्यांची, खाऱ्या हवेची. फाईल बदलण्याची तर सगळ्यात जास्त.

तोवर फाईल रुद्रेशच लिहायचा. पूर्ण नावं, अवतरणचिन्हांत, नीटनेटकी. मग त्याला पुण्यात नोकरी लागली. जाताना त्याने फाईल कशी बदलायची ते प्रभावतीबाईंना दाखवलं. प्रभावतीबाई बांध समितीच्या सचिव. वाड्यावरची भाताची गिरण त्याच चालवतात. करारी बाई. गिरणीत चारशे गोणी एकत्र पडल्या तरी कोणाची कुठली हे त्यांना नजरेने कळतं, कारण प्रत्येक घराच्या गोणीवर लाल रंगात दोन अक्षरं उमटवलेली असतात. अक्षरांचे पत्र्याचे साचे म्हापशाच्या बाजारातून आणलेले, ते इंग्रजीच मिळाले. नावाचं एक अक्षर, आडनावाचं एक. विठू गावस म्हणजे व्ही आणि जी. लग्नाच्या भांड्यांवर, देवळातल्या खुर्च्यांवर, टोपल्यांवरसुद्धा तीच अक्षरं. वाड्यावर कोणाला विचाराल तर तो आधी अक्षरं सांगेल आणि मग नाव.

यंदा जूनमध्ये प्रभावतीबाईंनी पहिल्यांदा स्वतः फाईल लिहिली. त्यांनी गिरणीतली वहीच समोर घेतली. पाळ्यांच्या तारखांपुढे गोणीवरची अक्षरं लिहिली आणि खाली अक्षरांवरून फोन नंबर. शेजारी बसलेल्या विठूकाकांना अवतरणचिन्हं आठवली; ते म्हणाले, “रुद्रेश ती दोन दोन टिंबां घालायचो, ती कशाक?”

“गोणीर आसतत काय ती?” प्रभावतीबाई म्हणाल्या. “मगे? माणसाक कळला म्हणजे पेटीक कळाचाच.” आणि ज्या दिवशी कोणाचीच पाळी नाही, तिथे त्यांनी रुद्रेशने शिकवल्याप्रमाणे इंग्रजीत ‘नो’ लिहिलं. म्हणजे त्या दिवशी फोन नको.

यंदा सात घरांत एक घर नवं होतं. निलेश ओटवणेकर आणि शीतल. दोघं सिंधुदुर्गातल्या ओटवण्याची. निलेश डिचोलीकडे खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. बारा वर्षं वाड्यावर भाड्याने राहिले, पण स्वतःची म्हणावी अशी वीतभर जमीन नव्हती. यंदा समितीने त्यांना मानशीजवळचा एक पडीक तुकडा कसायला दिला. शीतलने तो एकटीने साफ केला, कोरगुट भात पेरलं. कोरगुट म्हणजे थोडासा खारटपणा सोसणारं आमचं जुनं बियाणं. समितीचा नियम मात्र कडक होता. ज्याची उधाणाची पाळी तीनदा चुकेल, त्याचा तुकडा काढून दुसऱ्याला द्यायचा. मग तो कोणी का असेना.

निलेश ओटवणेकर. एन आणि ओ. त्यांच्या गोणीवर ही दोन अक्षरं प्रभावतीबाईंनी स्वतः हाताने उमटवली होती.

ती सकाळ मला आठवते. संगणक सुरू झाला, मी फाईल वाचायला घेतली. व्ही जी. ठीक. एस पी. ठीक. मग एन ओ. उघडी, नुसती, शेजारी शेजारी. मी बघितलं. माझ्यासाठी तो ‘नो’ होता. मनात पाल चुकचुकली, हे मी कबूल करतो. ऐन उधाणाच्या दिवशी हा नकार कसा? पण विचारायचं कोणाला? मला विचारायला शिकवलंच नव्हतं. मी अक्षरं टाकून दिली आणि शेजाऱ्याला सांगितलं, “या दिवशी फोन नको.” तो म्हणाला, “बरं.”

आषाढातलं उधाण भर दुपारी आलं. पाणी खुणेवर चढलं, लाल दिवा पेटला. फोन गेला नाही. विठूकाका वाट बघून बघून स्वतःच काठी टेकत बांधावर फिरले आणि तीन बिळं ठासली. दुसऱ्या दिवशी वाड्यावर बोलणं सुरू झालं.

“निलेश येवक नाय.”

“बाय, देवाशप्पथ, फोन वाजलो नाय. खिशातच होतो,” निलेश सांगत होता. ही सगळी बोलणी मानशीच्या कट्ट्यावर, माझ्या पेटीखालीच होतात, म्हणून मला ऐकू येतात.

प्रभावतीबाई म्हणाल्या, “सगळ्यांचे फोन वाजतत, तुझोच तेवढो वाजना नाय?”

खरं काय ते मलाही सांगता येत नव्हतं, मित्रांनो, कारण ती दोन अक्षरं मी टाकून दिली होती. पेटीतल्या नोंदीत लिहिलं होतं, ‘काम पूर्ण’. एवढं खोटं आणि एवढं टापटीप वाक्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

दुसऱ्या पाळीला निलेशने रजा टाकली. फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून, चार्जर लावून, नवरा-बायको त्याच्यासमोर बसून राहिली. रोज पाणी खुणेपर्यंत चढतंच असं नाही; कधी वीतभर खालीच थांबतं. म्हणून फोन आल्याशिवाय निघायचं नाही, ही सगळ्यांचीच पद्धत. त्या दिवशी पाणी चढलं. फोन वाजला नाही. विठूकाकांचा गुडघा सुजलेला, ते उशिरा पोहोचले. तोवर एका बिळातून खारं पाणी भळाभळा आत आलं होतं. निलेशच्या तुकड्याचा एक कोपरा बुडाला आणि शेजारच्या गोकुळदासांचाही थोडा.

गोकुळदास भडकले ते साहजिकच होतं. पण बाहेरून आलेल्यांबद्दल ते बोलले ते मला लागलं. “भायल्यांक बांदाचा काय पडलाला नाय. त्यांची जमीन थोडीच ती?” सगळे, विठूकाकासुद्धा, खाली बघत राहिले.

शीतल तिथेच उभी होती. तिने ऐकलं. पदराने कपाळ पुसलं आणि करपलेल्या कोपऱ्याकडे चालत गेली.

दोन चुका झाल्या. तिसरी पाळी श्रावणातल्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. त्या काळात मी रोज फाईल वाचत होतो आणि रोज त्या ओळीपाशी माझा जीव टांगणीला लागायचा. मनात यायचं, आज तरी वेगळं वाचूया. पण प्रोग्रॅमला मनात येऊन उपयोग काय? हातून तेच व्हायचं. एन ओ. नकार. फोन नको. बरं.

पाळीच्या सकाळी निलेशला ट्रकवर जावंच लागलं. आणखी एक रजा घेतली असती तर नोकरी गेली असती. शीतलने त्याचा फोन मागून घेतला. “वाजो नायतर न वाजो,” ती म्हणाली असावी, कारण बांधावर येताच विठूकाकांनाही तिने तेच सांगितलं, “वाजो नायतर न वाजो, मी आता हयसून हलूची नाय.”

ती आली तेव्हा पाणी खूप खाली होतं. हातात कुदळ, चिखलाची पाटी, फडक्यात बांधलेली पोय आणि भाजी. पेटीखाली बसली आणि फोन मांडीवर ठेवला. मला वाटलं, ती माझ्याकडेच बघतेय. तुम्ही म्हणाल वेडा आहे हा. असेन.

साडेअकराला पाणी खुणेला लागलं. लाल दिवा पेटला. शेजाऱ्याने मला विचारलं, “आज कोणाला?” मी म्हणालो, “कोणाला नाही.” माझ्यापासून चार हातांवर ती बसली होती, तिच्या मांडीवर तो फोन होता, आणि मी म्हणालो, कोणाला नाही.

शीतलने दिव्याकडे बघितलं. मग फोनकडे. पुन्हा दिव्याकडे. आणि मोठ्याने हाक मारली, “विठूकाकानूं! हयसर येवा आधी!”

काका लंगडत आले. “काय गो?”

“दिवो पेटलो मां? बघितलास मां तुमी? आता ह्यो फोन बघा. वाजता?”

काकांनी फोन हातात घेतला, उलटासुलटा केला. स्वतःच्या खिशातून आपला फोन काढला आणि निलेशचा नंबर लावला. शीतलच्या हातातला फोन लगेच खणखणला. काकांनी तोंडावर हात ठेवला.

“शिरा पडली ह्या पेटीर! अगो, तो खोटा बोलना नव्हतो गो!”

“ता मगे,” शीतल म्हणाली. “आधी बिळां बघूया.”

तिने पाटी उचलली. मानशीच्या उजव्या अंगाला पाणी गुळगुळ करत होतं. ती गुडघाभर चिखलात उतरली, दोन्ही हातांनी चिखल ठासला, वरून गवत, पुन्हा चिखल. एक बीळ, दुसरं, तिसरं. काका वरून दाखवत होते, ती खाली ठासत होती. पाणी उतरायला लागलं तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत सोलवटले होते. शेतात मात्र एक थेंब आला नाही.

काकांनी प्रभावतीबाईंना बोलावून घेतलं. त्या गिरण बंद करून, केसांवर कोंडा तसाच घेऊन आल्या. सगळं ऐकलं, स्वतः फोन लावून खात्री केली आणि तिथूनच रुद्रेशला पुण्यात फोन लावला. आवाज मोठा ठेवला.

“रुद्रेश, सगळ्यांक फोन जातत, एका निलेशाक जाना नाय.”

“त्याच्या नावापुढे काय लिवलास, मावशी?”

“नाव खंय लिवलंय? गोणीरची अक्षरां. एन, ओ.”

रुद्रेश हळूच म्हणाला, “दोन्ही बाजूक टिंबां घातलास?”

“नाय.”

“मगे ता त्याका ‘नो’ वाचता, मावशी. फोन नको असा समाजता. चूक तुमची नाय. मीच त्याका तसो शिकयललंय.”

प्रभावतीबाई पेटीसमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता काठीचा तडाखा बसणार. बसला असता तरी माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्या शीतलकडे वळल्या. तिचे चिखलाने माखलेले हात आपल्या हातात घेतले आणि म्हणाल्या, “बाय, माजा चुकला. गोणीर अक्षरां मीच घातलंय आणि मीच ओळखलंय नाय.”

शीतल रडली. इतके दिवस ती रडली नव्हती.

त्या रविवारी सातेरीच्या देवळात समिती बसली. प्रभावतीबाईंनी सगळ्यांसमोर सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. दोन्ही चुका खोडल्या. तुकडा निलेश-शीतलकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी गोकुळदास चिखलाची पाटी घेऊन निलेशच्या बाजूच्या बांधावर काम करताना दिसले. भायल्यांबद्दल बोललेला शब्द त्यांनी तोंडाने मागे घेतला नाही. पाटी मात्र चार दिवस आणली.

रुद्रेश चतुर्थीला आला तेव्हा त्याने मला उघडून दुरुस्त केलं. आता जिथे माणसाचं नाव यायला हवं तिथे उघडा शब्द आला तर मी ठरवत नाही. मी थांबतो. पेटीवर एक पिवळा दिवा लावला आहे, तो पेटतो. मग विठूकाका किंवा प्रभावतीबाई येऊन बघतात आणि मला सांगतात. सात वर्षांत पहिल्यांदा मला विचारता येतं. मित्रांनो, विचारता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मी तुम्हाला कसं सांगू?

माझी काळजी गेली असं समजू नका. निलेशच्या तुकड्यातला तो एक कोपरा अजून रिकामा आहे. कोरगुटसुद्धा तिथे उगवलं नाही. रोज फाईल वाचताना मला तो आठवतो आणि प्रत्येक ओळीवर मी आता दोनदा थांबतो. शेजारी हसतो. हसू दे.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. आमच्यासारख्यांना लिहाल तेव्हा पूर्ण लिहा. आम्ही समजून घेऊ असं गृहीत धरू नका. आणि मोठे झाल्यावर तुमच्यापुढे कधी एखादा माणूस ‘फोन वाजलो नाय’ म्हणत उभा राहिला, तर पेटीतली नोंद वाचण्याआधी त्याचा नंबर एकदा लावून बघा. त्याला अर्धं मिनिट लागतं. आमच्या वाड्याला दोन महिने लागले.

भाद्रपदाच्या उधाणात निलेशची पुन्हा पाळी आली. शीतल सकाळीच बांधावर येऊन बसली होती, फोन मांडीवर. पाणी चढलं. मी ओळीपाशी आलो. अक्षरं तीच होती, दोन्ही बाजूंना चिन्हं होती. मी ती जशीच्या तशी पुढे दिली. शेजारी म्हणाला, “बरं.” दिवा पेटला.

फोन वाजला. तिने तो उचलला नाही. विठूकाका म्हणाले, “अगो, घे मां!”

“रवा हो काकानूं,” ती म्हणाली. “वाजूंदे जरा.”